शवपेट्यांच्या दालनातला सावेरिओ

एर्सिलियाचा हात आपसूक खिशातल्या किल्ल्यांवर गेला… आणि नेमकं तेच त्याने पाहिलं.

आता यात तिचा काय दोष? सावेरिओ समोरून आला की अख्खं गाव लोखंडाला हात लावून अपशकुन टाळतं. कारण त्याचे बाबा गावातल्या मयतांचं सगळं बघतात, आणि शाळा सुटली की तोही काळा कोट चढवून त्यांच्या काळ्या गाडीत पुढे बसतो. पण रविवारी सकाळी, गावच्या रोमन संग्रहालयात, ऐन तिची पाहुण्यांना माहिती सांगायची पाळी असताना तो एकटाच उगवेल, हे कुणाच्या स्वप्नात होतं? तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे," तो म्हणाला. "माझी आजीसुद्धा लावते."

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. घरी आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी आता फक्त दुखणं मारायची इंजेक्शनं चालू ठेवलेली… त्या घरात हसणं म्हणजे चोरीच वाटायची.

ती त्याला संगमरवरी शवपेट्यांच्या दालनात घेऊन गेली आणि पाठ केलेलं धडाधडा म्हणायला लागली: द्राक्षांचे वेल, नाचणाऱ्या बायका, झाकणावर जेवायला टेकल्यासारखं पहुडलेलं जोडपं. मधेच त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, की ही पेटी उचलायला माणसं किती लागत असतील? आमच्याकडे चौघंच, त्यातल्या मामांची कंबर धरलेली. ती पुन्हा हसली. मग विचारलंच, तू इथे का आलास?

"इथे लोक पेटीपाशी थांबतात," तो म्हणाला. "बाहेर आम्हाला बघून रस्ता बदलतात."

बोलता बोलता त्याचा हात झाकणाच्या कडेवर टेकला. रखवालदार खाकरला. सावेरिओने हात काढला — झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून काढावा तसा, हळूच. एर्सिलिया बघतच राहिली.

मग तो दर रविवारी यायला लागला. आणि ती दर रविवारी कानात लोलक घालायला लागली. आईच्या शुश्रूषेला घरी येऊन राहिलेल्या मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्या मुलाची सावलीही या दारात नको, तुझ्या आईला काय वाटेल, असं तिने बजावलं.

पुढच्या रविवारी एर्सिलियाने खाली बघतच ते त्याला सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. तुमच्या गल्लीतून मी जातच नाही, तो म्हणाला, बाबांनाही लांबून वळायला लावतो. तुझी आई खिडकीशी झोपलेली असते ना…

"मी इथे येणंही बंद करतो, एर्सिलिया. उद्या तुमच्याकडे मी त्या काळ्या गाडीतून आलो, तर जन्मभर माझ्याकडे बघून तुला तोच दिवस आठवेल."

पलीकडे कुणाची तरी शाळकरी पोरं एका मुंडकं नसलेल्या पुतळ्यापुढे खिदळत होती. एर्सिलियाने मान वर केली.

"तो दिवस येणारच आहे," ती म्हणाली. "ऑलिव्हची तोडणी संपेपर्यंतसुद्धा आई… नाही राहायची. तिला परक्या हातांची फार भीती वाटते रे. तेव्हा तू ये. डोक्याकडची बाजू तू धर. मावशीला मी बघते." आणि मग, अगदी हळू, "मला तू आवडतोस, सावेरिओ. नाहीतर हे कुणाला सांगितलं असतं मी?"

त्याचे डोळे भरून आले.

"आईचं नाव काय?"

"इमाकोलाता."

त्याने ते नाव पुटपुटून पाहिलं, पहिल्या भेटीत नीट लक्षात ठेवावं तसं. तेव्हा कुठे एर्सिलियाला रडू आलं… त्याच्या खांद्यावर, सगळ्या पाहुण्यांच्या देखत.