सुई जरा सोडा, मिस्त्री…

यात पदरचं काही नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो शमशेर मिस्त्री म्हातारपणीही ही गोष्ट सांगताना मध्येच गप्प व्हायचा. कुणी थट्टा केली तर रागवायचा नाही. नुसता बघत राहायचा.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षातली सकाळ होती, आणि जागा भंडारदऱ्याचं धरण.

शमशेर हा नगर शहरातला, झेंडीगेटचा. लढाईच्या वर्षांत त्यानं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केलेल्या. धरणावर एक जुनी होडी होती, मागच्या फळीला मोटार अडकवलेली. पावसाळ्यापासून ती मोटार नीट चालत नव्हती, म्हणून त्याला बोलावणं आलं.

होडी भीमा नावाड्याच्या ताब्यात होती. पन्नाशीचा, काटक माणूस. शमशेर त्याला मामा म्हणायचा.

मोटारीचं दुखणं शमशेरला लगेच सापडलं. रेसची दांडी पुढं सारली की कार्बोरेटरची, हवा आत सोडणारी पाकळी उघडायला हवी. इथं दोघांना जोडणारी काडी सैल होती. दांडी आधी जायची, पाकळी मागून रखडत उघडायची. त्यानं काडी आवळली, पेट्रोल कमी-जास्त सोडणारी सुई साफ करून बसवली, आणि पाण्याच्या पिंपात मोटार चालवून बघितली.

झकास चालली.

"पिंपात सगळ्याच चालत्यात," भीमा म्हणाला. "पान्यावर बघा."

पाण्यावरची परीक्षा दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर घ्यायची ठरली.

पण उजाडता उजाडता भीमाचा जावई बन्सी धापा टाकत आला. भीमाची लेक मुक्ता पलीकडच्या वाडीत दिलेली. पहिलटकरीण. बन्सी रातभर धरणाच्या कडेकडेनं चालत आला होता.

"मामा, ती अडलीय. सुईनीनं हात टेकलं."

मुक्ताला होडीतून आणायचं म्हणून बन्सी धरणावरच्या दवाखान्यात नर्सला सांगायला पळाला.  भीमा घोंगडी खांद्यावर टाकून सरळ होडीत जाऊन बसला.

"मामा, धुकं लई हाय," शमशेर म्हणाला.

"वल्ह्यानं जायला दुपार हुईल, मिस्त्री. तवर पोर ऱ्हायची न्हाई."

शमशेरनं मोटारीच्या चाकाला दोरी गुंडाळून ओढली. मोटार सुरू झाली.

थोड्याच वेळात काठ दिसेनासा झाला. भीमा घोंगडी फळीवर टाकून पुढच्या टोकाला उभा. हातात बांबू. पाण्याखालच्या झाडांचे बुंधे चाचपत होता. शमशेर मागे, मोटारीपाशी.

मधोमध आल्यावर मोटार खोकायला लागली…

पिंपात ओझं नसतं. इथं होडी ओढायची होती. दांडी पुढं सारली की मोटार गुदमरायची, कार्बोरेटरमधून उलटी फुसकारायची. होडी एकदा जोरात हिसकली, पुन्हा संथ झाली. शमशेर तेव्हा पाठ वळवून मोटारीवर वाकलेला होता.

तेवढ्यात मागून आवाज आला…

"सुई जरा सोडा, मिस्त्री."

शमशेरनं सुई थोडी सैल केली. खोकणं कमी झालं.

"अजून जरा… बास."

मोटार एका सुरात आली.

"आता काडी एक आटा आखूड करा."

शमशेरनं पाना लावला. दांडी आणि पाकळी एकाच वेळी हलली. इतकी बिनचूक जुळणी त्याला काल दिवसभरात साधली नव्हती.

"वा, मामा!" तो मान वर न करता ओरडला. "तुमाला हे कवापासून येतंय?"



आणि मग त्याच्या लक्षात आलं…

मोटारीच्या फडफडाटात त्याला स्वतःला ओरडावं लागत होतं. तो आवाज मात्र ओरडत नव्हता. शेजारी बसून बोलावं तसा बोलत होता.

शमशेर हळूच वळला.

पुढच्या फळीवर घोंगडी पांघरून भीमा पाठमोरा बसला होता.

शमशेरचा जीव भांड्यात पडला.

"आता द्या पुरी रेस," पाठमोरा माणूस म्हणाला. "पोरगी वाट बघतीय."

शमशेरनं दांडी पुढं केली. होडी सुसाट निघाली.

तेव्हा मागून, लांबून, पाण्यावरून हाक आली…

"मिस्त्री ऽऽ! मी पडलो… मशीन बंद कराऽऽ!"

भीमाचा आवाज.

शमशेरनं पुढं बघितलं. घोंगडी तिथंच होती. हलली नाही.

"मामा… इकडं बघा."

घोंगडी वळली नाही.

"थांबू नका, मिस्त्री."

मागून पुन्हा हाक आली. आता बारीक. तोंडात पाणी गेल्यासारखी.

शमशेरनं दांडी मागे ओढली…

ती येईना.

काडी मोकळी होती, कुठं काही अडकलं नव्हतं. त्याला दिसत होतं. तरी दांडी जागची हलत नव्हती. वरून कुणीतरी हात दाबून धरावा, तशी.

दांडीचं पितळ बर्फासारखं गार पडलं होतं.

"या अल्ला!" म्हणत त्यानं प्लगची तार उघड्या हातानं उपटली. झिणझिणी खांद्यापर्यंत गेली. मोटार बंद पडली.

सगळीकडे शांत.

पुढच्या फळीवर कुणी नव्हतं. घोंगडी नीट घडी घालून ठेवलेली.

"मामा ऽऽ!"

काही नाही.

"मामा ऽऽ!"

खूप वेळानं धुक्यातून पाणी चापटल्याचा आवाज आला. शमशेर वल्ही मारत तिकडं गेला. भीमा बांबूला कवटाळून तरंगत होता. ओठ काळेनिळे. शमशेरनं त्याला काखेत धरून आत ओढलं.

"हिसका बसला तवाच पडलो मी," भीमा कुडकुडत म्हणाला. "किती हाका मारल्या. तुमी कुनासंगं बोलत हुता?"

 शमशेरनं ती घोंगडी तेवढी त्याच्या अंगावर टाकली.

परत फिरायची सोय नव्हती. पलीकडे मुक्ता होती. शमशेरनं तार बसवली, भीत भीत दोरी ओढली. पहिल्या ओढीत मोटार लागली. असा गोड आवाज त्यानं कुठल्याच मोटारीचा ऐकला नव्हता.

तो ऐकून भीमाचा चेहरा उतरला.

"काय झालं, मामा?"

"गहिनीनाथ चालवायचा तवा असाच आवाज यायचा," भीमा म्हणाला. "माझ्या आधी तोच हुता होडीवर. औंदा भादव्यात एकटाच गेल्ता. होडी गावली. त्यो न्हाई गावला."

होडी वाडीच्या काठाला लागली.

मुक्ताला झोळीतून आणून होडीत निजवलं. डोकं भीमाच्या मांडीवर. सासू रंगुबाई तिच्या पायाशी, पुढच्या टोकाकडे पाठ करून बसली. पुढची फळी रिकामी होती. निघण्याआधी शमशेरनं पुन्हा पुन्हा बघून घेतलं होतं.

अर्धं पाणी कापून झालं असेल. कण्हत पडलेली मुक्ता अचानक गप्प झाली. डोळे उघडून समोर बघायला लागली.

"आबा… फुडं कोन बसलंय?"

रंगुबाईनं मागे वळून बघितलं नाही. भीमानं लेकीच्या डोळ्यांवर हात ठेवला. आणि शमशेरनं नजर दांडीवर खिळवली ती काठाला होडी लागेपर्यंत उचलली नाही. धुकं होतं, बुंधे होते, तरी होडी कशालाच धडकली नाही.

नर्सनं मुक्ताची सुटका केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. अजून थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती, असं नर्स म्हणाली.

म्हणजे त्या जुळणीनं दोन जीव वाचले. आणि त्याच आवाजाचं ऐकलं असतं तर भीमाचा जीव गेला असता. त्याला नेमकं काय हवं होतं, हे शमशेरला कधीच उमगलं नाही.

निघायच्या दिवशी तो दवाखान्यात गेला. मुक्ता लेकराला घेऊन उठून बसली होती.

"बाई, त्या दिवशी होडीत कोन दिसलं तुला?"

"तोंड न्हाई वळखता आलं. घोंगडी पांघरलेली हुती."

"पाठमोरा हुता ना?"

मुक्तानं मान हलवली.

"न्हाई. माज्याकडं त्यानं बघितलंच न्हाई. त्यो सारा वकत तुमच्याकडं बघत हुता, मिस्त्री…"

शमशेर बाहेर आला. खाली पाण्यावर ऊन पडलं होतं. होडी काठाला बांधलेली होती आणि मोटार बंद होती.

त्यानं हत्यारांची पेटी उचलली, आणि तळ्याकडे न बघता रस्त्याला लागला.