सरदाराच्या ताटातलं मीठ

हस, सुधीर, आत्ताच हसून घे. थापा मारणं हे माझं खातं. माझा मित्र श्रीपाद आठल्ये, त्याला ते कधी जमलंच नाही. आणि हे घडलं ते त्याच्या घरात, म्हणून खरं.

सत्तावन्न साल, अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार, म्हणजे नाताळच्या चारेक आठवडे आधीचा. श्रीपाद इथेच, स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होता. सरलावहिनींना सांगलीहून येऊन जेमतेम महिना झालेला. टेकडीच्या उतारावर फ्राऊ केलर नावाच्या म्हातारीच्या घरात दोघं भाड्याने राहायची. त्या संध्याकाळी म्हातारी बहिणीकडे उल्मला निघाली, आणि श्रीपाद तिची बॅग घेऊन स्टेशनवर पोचवायला गेला.

वाटेत ती म्हणाली, "आज बर्फ पडेल. कुणी दार वाजवलं तर उघडू नका. तो स्कॉटलंडचा सरदार असतो."

आल्झो, तर मग, हा सरदार सहाशे वर्षांपूर्वीचा. मोठा सेनापती म्हणे! तीन किल्ले घेतले, तेही तलवार न उपसता. पाहुणा म्हणून आत शिरायचं, पोटभर जेवायचं, आणि यजमान झोपले की कडी काढून आपली माणसं आत घ्यायची. पाळायचा ते एकच. ज्याचं मीठ खाल्लं त्याला दगा द्यायचा नाही. म्हणून मिठाला शिवायचाच नाही, लबाड! म्हातारपणी पापं धुवायला यात्रेला निघाला, माणसांसकट, आणि या उतारावर बर्फात अडकला. पण कीर्ती आधीच पोचली होती. एकाही घराने दार उघडलं नाही. सगळे गोठून मेले.

श्रीपाद हसला. "फ्राऊ केलर, असले आमच्याकडेही पुष्कळ आहेत."

परतताना बर्फ सुरू झालं. घरी येतो तर टेबलाशी पाहुणा.

"अहो, बाहेर काकडत उभे होते बिचारे," सरलावहिनी म्हणाल्या. "म्हटलं, दोन घास खाऊन जाऊ देत."

उंच म्हातारा. जाडाभरडा झगा. बुटांवर बर्फ. कोळशाची शेगडी शेजारीच धगधगत होती, पण ते बर्फ काही वितळत नव्हतं.

तो जेवत होता आणि बघत होता. खिडकी. जिना. दाराची कडी. पुन्हा कडी.

ताट वाढताना आपण आधी मीठ वाढतो, तसं वहिनींनीही वाढलं होतं. ते त्याने चमच्याने पार ताटाबाहेर सारलेलं. श्रीपादने आमटीत बोट बुडवून चाटून पाहिलं. अळणी! घाईत वहिनी मीठ विसरल्या होत्या. आणि पाहुणा तीच आमटी मिटक्या मारत पुन्हा मागत होता.

"अगं, मीठ..."

पाहुण्याने मान वळवली.

बाहेर बर्फात पावलं वाजली. एकाची नाहीत... पुष्कळांची. दाराशी येऊन थांबली.

पाहुणा उठला. दाराकडे गेला. हात कडीवर...

"अहो, हे काय! शिरा राहिला की!" वहिनी वाटी घेऊन आडव्या उभ्या. जर्मन त्यांना 'कृपया' या एकाच शब्दापुरतं येत होतं. "बिट्टे!"

त्याने मान हलवली.

"बिट्टे, बिट्टे!" सांगलीचा आग्रह तो. चमचा थेट तोंडाशी.

गोडात चिमूटभर मीठ घालायची वहिनींच्या आईची रीत. त्यावरून श्रीपाद रोज चिडवायचा. आज घातलं असेल? की आमटीसारखंच...

पाहुण्याने घास घेतला.

गिळला.

थांबला.

वहिनींकडे बघत राहिला. बराच वेळ... मग कडी काढून एकटाच बाहेर गेला, आणि दार मागे ओढून घेतलं.

आत कुणीच आलं नाही.

गेनाऊ, अगदी बरोबर, उल्का, मीठ घातलं होतंस का, हेच श्रीपादनेही विचारलं. वहिनी म्हणाल्या, "शिऱ्यात? इश्श, शिऱ्यात कशी विसरेन!"

सकाळी दार उघडलं. अंगणभर बुटांचे ठसे, सगळे दाराकडे आलेले, आणि सगळे दारापासून चार हात अंतरावर थबकलेले. उंबऱ्याला लागून मात्र एकाच माणसाची दोन पावलं. टाचा दाराकडे, बोटं बाहेर, पुढे एकही पाऊल नाही.

परवाच मी तिथे जाऊन आलो. अंगणात गुडघाभर बर्फ. उंबऱ्यापुढे दोन पावलांपुरती फरशी... कोरडी.