दुसऱ्या हौदातले मासे

दुसऱ्या हौदातले सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. मालक काठावर खुर्ची टाकून बसले होते. इस्पितळातून ते कालच घरी आले होते.

"विष घातलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "राखणदाराने. तीन आठवड्यांपूर्वी लेकीने त्याला काढलं, त्याने डूख धरला."

खाजगी तपास करणाऱ्या बाई हौदावर वाकल्या. मागे निवृत्त हवालदार उभे होते. बायको गेल्यापासून त्यांना कशाचंच फारसं काही वाटत नसे. बाईंनी बोलावलं की ते निघत, इतकंच.

"हवालदार, काय दिसतं?"

"मेलेले मासे."

"अजून?"

"पर कुरतडलेले. अंगावर कापसासारखे पुंजके. भिंतीवर गोगलगायी, सरकताहेत."

शेजारचा पहिला हौद कोरडा होता. तळाला सिमेंटचा ताजा पट्टा.

"यातले मासे?"

"विकले," मालकांची लेक म्हणाली. डोळे सुजलेले. "महिना झाला. नेहमीच्या व्यापाऱ्याला."

बाईंनी व्यापाऱ्याला फोन लावला. तो खेकसला, "दोन महिन्यांत तिथून एक शेपूटही आलेली नाही!"

राखणदार फाटकाबाहेर बसला होता.

"काका, इथे किती वर्षं?"

"बावीस."

"मग काढलं का?"

"तोंड चालवलं म्हणून."

"काय बोललात?"

त्याने आत हौदाकडे पाहिलं.

"पोलिसांत देतील," हवालदार म्हणाले.

"देऊ देत. विष मी घातलं नाही, एवढंच सांगतो."

"काहीतरी लपवतोय," हवालदार बाईंच्या कानाशी म्हणाले.

"हो. पण स्वतःसाठी नाही."

बाईंनी सगळ्यांना हौदापाशी बोलावलं.

"विष असतं तर गोगलगायीही मेल्या असत्या. आणि असले पुंजके एका रात्रीत येत नाहीत, त्याला दिवस लागतात. मासे दाटीत कोंडले की एकमेकांचे पर कुरतडतात, सतत ताणाखाली राहतात. अंगातली ताकद संपते. मग एरवी सहज पचवला असता तो रोगही त्यांना आडवं करतो. प्रश्न एवढाच, की दाटी कुठून आली? पहिल्या हौदाला भेग गेली आणि त्यातले मासे विकले गेले नाहीत, इथे आले. काका, तुम्ही हेच बोललात ना? इतके मासे एकत्र नकोत?"

राखणदाराने मान खाली घातली.

"मीच आणले," लेक म्हणाली. "दोन दिवसांसाठी. भेग बुजवली, पण पाणी टिकेना. काका रोज बजावायचे. मला ते ऐकवेना, म्हणून काढलं. आज बाबांनी त्यांचं नाव घेतलं, तेव्हाही मी गप्प बसले."

मालक खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले.

"तू तरी सांगायचंस," ते राखणदाराला म्हणाले.

"तुमचं ऑपरेशन होतं. पोरीला शब्द दिला होता."

लेक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. "सडायच्या आत बाहेर काढायला हवेत," तो म्हणाला आणि हौदात उतरला. जरा वेळाने तीही उतरली.

हवालदारांनी बूट काढले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाणी पोटऱ्यांना लागलं तसा त्यांनी श्वास आत ओढला. चांगलंच गार होतं.