ओढून आणलेला ट्रॅक्टर

गुलटेकडीहून मांजरीला एक जुना ट्रॅक्टर ओढून आणायचा, एवढंच काम होतं. रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते, ऊन लख्ख होतं. असल्या वेळी पुण्यात काही विपरीत घडलंच तर ते ट्रॅफिक पोलिसामुळे घडतं, असा आपला सगळ्यांचाच समज असतो.

ट्रॅक्टर होता संभाजीच्या वडिलांचा, गेनबांचा. मांजरीची कोथिंबीर भरून ते पहाटे मार्केट यार्डात जायचे. सहा वर्षांच्या संभाजीला मांडीवर बसवून त्यांनी याच ट्रॅक्टरचं स्टेअरिंग त्याच्या हातात दिलं होतं. गेनबा गेले त्या वर्षी, आई माहेरी गेलेली असताना, संभाजीनं तो परस्पर विकून टाकला. सोजरबाई परत आल्या, रिकाम्या शेडकडं बघितलं आणि त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गेनबांच्या शेतात बारा मजली इमारती उभ्या आहेत. त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहतं आणि मागच्या दोन गुंठ्यांत ती पत्र्याची शेड तेवढी उरली आहे. सोजरबाईंना विसर पडत चाललाय. सून ललिता त्यांना ओळखू येते, पोटचा मुलगा मात्र नाही. जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस समजून त्या रोज जेवणानंतर त्याला म्हणतात, "भाऊ, झाली का मोजणी? मग जावा आता घरला." आणि दिवेलागणीला बाल्कनीत उभ्या राहून ललिताला विचारतात, ट्रॅक्टर आला का. सगळं विसरलेल्या बाईला नेमकं तेवढंच आठवावं, यानं संभाजीच्या काळजाला घरं पडायची.

ट्रॅक्टर परत आणला, त्याचा आवाज तिच्या कानावर पडला, तर कदाचित एकदा, एकदाच, ती आपल्याला नावानं हाक मारील. एवढ्या आशेवर त्यानं अख्खं पुणं पालथं घातलं. शेवटी तो मार्केट यार्डामागच्या एका गोदामाच्या आवारात सापडला. इंजिन जाम झालं होतं, पण चाकं फिरत होती.

पुढं शेजारचे हिंमतराव स्वतःच्या ट्रॅक्टरवर, मध्ये साखळी, मागं संभाजी, अशी वरात निघाली. ओढायच्या ट्रॅक्टरवर माणूस लागतोच, नाहीतर स्टेअरिंग कुणी धरायचं आणि ब्रेक कुणी दाबायचा? हडपसरच्या सिग्नलला संभाजीच्या खिशातून मोबाइल निसटला आणि एका टेम्पोच्या चाकाखाली गेला. तो उचलायला खाली उतरला, तेवढ्यात सिग्नल सुटला. साखळी ताणली गेली आणि दोन्ही ट्रॅक्टर चालू पडले. हॉर्नच्या गदारोळात त्याची हाक पुढं पोचलीच नाही.

रिक्षा मिळायला दहा मिनिटं गेली. सगळी वाट तो देवाचं नाव घेत बसला होता. बिनमाणसाचं एवढं मोठं धूड कुणाच्या अंगावर गेलं असेल, कुठल्या दुकानात घुसलं असेल... पण रस्त्यात कुठंच गर्दी जमलेली नव्हती. तो शेडपाशी पोचला तेव्हा ट्रॅक्टर आपल्या जुन्या जागेवर उभा होता आणि हिंमतराव साखळी सोडत होते.

"हात धुवून आलास व्हय?" ते म्हणाले. "लई बेस धरलास हां. उतारावर माझ्या आधी तुझा ब्रेक. साखळी एकदा बी ढिली पडली न्हाई." मग त्यांनी विचारलं, "डोक्याला टॉवेल कधी गुंडाळलास रं?"

संभाजीकडं टॉवेल नव्हता. गेनबांच्या डोक्याला तो बारा महिने असायचा. "ऊन लागत होतं," एवढंच तो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर हिंमतरावांनी पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नसतं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते संभाजीला धड सांगता यायचं नाही. योगेश मिस्त्री सकाळी यायचा. इंजिनात डिझेल ओतून ठेवलं, आठव्या दिवशी पिस्टन सुटले. गंज खरवडला, तांबडा रंग चढला. दुपारी योगेश जेवायला गेला की संभाजी सीटवर चढून बसायचा आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा. झोप तरी कसली, लहानपणी लागायची तशी गाढ. जाग यायची ती ओल्या कोथिंबिरीच्या वासानं. आजूबाजूला तर नुसतं ग्रीस आणि रंग. पत्रा मंद कडकडत असायचा, उन्हाची तिरीप बॉनेटवर सरकलेली असायची आणि त्याची पाठ उबदार झालेली असायची.

त्या सीटला पाठ नव्हती. लोखंडी पसरट सीट, मागं काहीच नाही. आपण रोज मागं रेलून झोपतो, हे त्याच्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटणारी गोष्ट कोण कशाला तपासून बघतो?

मग क्लच लांब पडायला लागला. आधी टाच उचलावी लागायची, नंतर पायाची बोटं तेवढी टेकायची. सहा फुटी माणूस हा. सीट खाली घे, असं त्यानं दोनदा बजावल्यावर योगेश कंटाळून म्हणाला, "काका, सीट शेवटच्या भोकात आहे. याच्या खाली फक्त जमीन."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी दिवेलागण झाली होती. आधी काळा धूर निघाला, मग तो ओळखीचा, संथ, घोगरा ठोका सुरू झाला. संभाजी सीटवर बसून होता. थोड्या वेळानं शेडच्या दाराशी ललिता आली आणि तिचा हात धरून सोजरबाई. त्या दारातच थांबल्या. ललिताचा हात सोडून एकेक पाऊल टाकत पुढं आल्या, मडगार्डवर हात ठेवला आणि वर बघितलं. कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं ते हसू त्यांच्या तोंडावर होतं.

"संभा," त्या म्हणाल्या.

त्याचे डोळे भरले होते. दारात ललितानंही पदर डोळ्यांना लावला.

"उतर की रं आता," सोजरबाई हळूच म्हणाल्या. "एवढा घोडा झालास... किती येळ बसशील बापाच्या मांडीवर? त्येंचं पाय भरून आलं असत्याल."

ठोका तसाच चालू होता. कोथिंबिरीचा वास आला. संभाजीनं मान खाली घालून पायांकडं बघितलं. क्लच हळूहळू दाबला जात होता, सरावाच्या पायानं दाबावा तसा, पार तळाला टेकेपर्यंत. त्याचे स्वतःचे पाय पेडलच्या वर वीतभर, अधांतरी लोंबत होते.