निळ्या चौकड्यांचं फडकं

“डोळा चुकेल, कान चुकेल, नाक नाही चुकायचं;
पोटात जे जे लपवाल ते वासानं फुटायचं!”

डोंगरावर स्टोव्ह पेटवताना आजोबा हे म्हणायचे. चिमणीला त्यांचा आवाज आत्ता, विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत आठवला. आजोबा आता नव्हते. त्यांचा पितळी स्टोव्ह मात्र सॅकमध्ये होता. उद्या शिखरावर त्याच्यावरच चहा करायचा, असं तिघा भावंडांनी ठरवलं होतं.

“स्टोव्हला पेट्रोलचा वास येतोय,” उघड्या सॅकवर वाकून काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या. “असा विमानात नाही जाणार. इथेच ठेवावा लागेल. लवकर ठरवा, वीस मिनिटांत काउंटर बंद!”

सोबत आलेल्या काकांनी कपाळाला हात लावला. “नीट धुतलाच नसणार कार्ट्यांनी!”

“तीनदा साबणानं धुतला, काका!” दादा उसळला.

“आणि तीन दिवस उन्हात वाळवला!” ढब्बू म्हणाला. “एवढी तर माझी आंघोळसुद्धा होत नाही!”

“ते सांगायला नको, कळतं!” दादा म्हणाला.

चिमणी हसली नाही. आजोबांचा स्टोव्ह तर रॉकेलवर चालायचा. मग पेट्रोल आलं कुठून?

“मॅडम, मी हुंगून बघू?”

तिनं स्टोव्हचं बोचकं बाहेर काढलं. वर गुंडाळलेलं फडकं सोडलं. आत त्यांनीच घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी जशीच्या तशी! पिशवी उघडून तिनं नाक खुपसलं.

“साबण! नुसता साबण! आणि हे फडकं... शी! हाच तो चोर!”

मॅडमनी दोन्ही हुंगलं आणि त्या खळखळून हसल्या. “नाक आहे की काय! मोठी झालीस की आमच्याकडेच ये गं नोकरीला. स्टोव्ह जाऊ दे, फडकं राहू दे!”

“पण ते गुंडाळलं कुणी? आम्ही तर नाही!” ढब्बू म्हणाला.

फडक्यावरच्या त्या निळ्या चौकड्या चिमणीनं केव्हाच ओळखल्या होत्या. रोज काकांच्या स्कूटरच्या हँडलला लटकायच्या त्या! तिनं काकांकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. भर रांगेत त्यांचं हसं व्हावं, असं काही तिला वाटेना.

“असेल कुठलंतरी,” ती पुटपुटली आणि फडक्याचा बोळा करून तो मॅडमना दिला.

सॅक पट्ट्यावरून डुलत डुलत आत गेली. काका मात्र जागचे हलले नाहीत.

“चिमणे... ते फडकं माझं. स्टोव्ह आपटू नये म्हणून मीच गुंडाळलं होतं. वास त्याचाच हे ओळखलं, तरी गप्प बसलो. तुमच्यावर ढकललं.” त्यांनी घसा खाकरला. “आणि खरं सांगू? बाबांचा स्टोव्ह इतका लखलखीत मी कधीच ठेवला नव्हता रे, पोरांनो.”