अडतीस तासांचा अनुवाद

कॅमेरूनमधल्या दुआलात लाइट गेली, वाफोचं झेरॉक्सचं काम अडलं, आणि सावली शोधत तो शेजारच्या अनुवाद कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. आत एपोसी वहीने वारा घेत होती.

"इथे फ्रेंच प्रगतिपुस्तकं इंग्रजीत होतात?"

"होतात. मुलं मात्र आहेत तशीच राहतात."

तो हसला... आणि एपोसीला उगाचच चष्मा पुसावासा वाटला.

इंग्रजी बोलणाऱ्या बुएया शहरातल्या नर्सिंग कॉलेजात त्याचा अर्ज चारच्या बसने जायचा होता. ती एकेक संक्षेप उलगडू लागली. 'म्वाय.', म्हणजे सरासरी. 'टी. एच.', सन्मानफलक.

"वीसपैकी बारा! इंग्रजीवाल्यांना वाटेल, कसाबसा पास. इथे बाराला सन्मान मिळतो, अशी टीप घालते."

"देव तुमचं भलं करो!"

'अब्स. एन. जे.: ३८' — तिचं बोट थांबलं.

"ते... राहू द्या ना. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना! अडतीस तास विनाकारण गैरहजर. शिक्का माझा आहे, वाफो."

"लिहिलंत तर घेणार नाहीत मला."

"होतात कुठे? पोरींच्या मागे?"

"शवागारापाशी." त्याने मान खाली घातली. "शुक्रवारी लोक आपलं माणूस घरी न्यायला येतात. ज्यांच्यासाठी गाणारं कुणी नसतं, त्यांच्यासाठी आमची चर्चची मंडळी जातात. पाद्रीबाबा प्रवचन गातात, मी ओळ उचलून धरतो. शाळेत काय सांगायचं? दर शुक्रवारी आजोबा वारले म्हणून?"

एपोसीला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"मग हेच पाद्रीबाबांकडून लिहून आणा. अडतीसच्या अडतीस तास मी लिहिणार, पण ते पत्रही सोबत जाईल. पळा!"

साडेतीनला तो घामाघूम परतला. तिने दोन्ही अनुवादांवर शिक्के मारले. पाकीट बसमध्ये चढलं.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा दारात उभा.

"घेतलं मला! मुलाखतीत आधी त्या अडतीस तासांचंच विचारलं. मग म्हणाले, गाऊन दाखवा."

"दाखवलंत?"

"दोन बाया रडल्या." तो घुटमळला. "पण आता दुआला सुटणार... आणि मला तुम्ही आवडता. दोन्ही एकदमच झालं बघा."

एपोसीने कागद उगाच सारखे केले.

"रविवारी मी बुएयाला असते, आईकडे. चर्चमध्ये आमच्या बाकावर एक जागा रिकामी असते."

"किती वाजता?"

"नऊला," ती म्हणाली. "आणि मला 'तुम्ही' म्हणणं सोड आता."