बंदूक खाली

"मॅडम, माह्या आईले बाबानंच मारलं का?"

फोनवर डिंपल होती. ती भंडाऱ्याहून बसनं साकोलीला येत होती.

"तू ये," फौजदार प्रतिक्षा पटले म्हणाल्या. "तोवर मी शोधते."

त्या पुन्हा नेमबाजीच्या रेंजवर गेल्या. समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकडी मेज. पन्नास मीटरवर मातीचा बांध आणि त्यापुढं कागदी लक्ष्यांचे बोर्ड. डिंपलची आई चंदाबाई तिथंच पडल्या होत्या. गोळी पाठीतून गेली होती.

डिंपलचे बाबा, सिहोऱ्याचे सेवकराम शहारे, आज पहिल्यांदाच रेंजवर आले होते. रानडुकरं धान तुडवत होती. बंदुकीच्या परवान्याला प्रशिक्षण लागतं, म्हणून आले. चंदाबाई सोबत आल्या. तिसरा माणूस म्हणजे रेंजचा मालक आणि शिकवणारा अंकुर. बाकी कोणी नव्हतं.

फाटकाजवळ नियमांचा फलक होता. 'पुढे जाण्यापूर्वी बंदूक खाली ठेवा. माणूस पुढे असताना बंदुकीला हात लावू नका.'

सेवकराम भिंतीला टेकून बसले होते. पटले शेजारी बसल्या आणि अगदी हळू बोलल्या.

"काय झालं, काका?"

"मीच मारलो जी तिले."

"तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिच्याजवळच. कागद पाहायले गेलो होतो दोघं."

"मग बंदूक?"

"मेजावर. आपोआप सुटली असंल. गोळी होती ना तिच्यात."

"गोळी काढली नाही?"

"काढा लागते हे मले कोणं सांगितलं? सर म्हणे बंदूक खाली ठेव. ठेवलो. मंग पुसलं, बंदूक खाली? मी म्हणलो, हव जी, खाली."

"चंदाबाई सरांशी काही बोलल्या होत्या?"

त्यांनी वर पाहिलं. "मजाक करे ती. सर लय शिकवून राहिले होते. थे म्हणे, सर, बोलता त लय, एक तरी मारून दाखवा ना."

अंकुर ऑफिसच्या दारात उभा होता. पटले तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "सुरुवातीपासून सांगा."

"काय?"

"सुरुवातीपासून."

त्यानं मान वळवून डावा कान पुढं केला. "जरा जोरानं बोला ना मॅडम."

त्या जोरानं बोलल्या.

"मी नियमानं वागलो. आवाज अडवणारे कानावरचे मफ काढायला लावले. त्याला विचारलं, बंदूक खाली? तो हो म्हणाला. बाई पुढं गेली, मी चहा ठेवायला आत गेलो. धाडकन आवाज झाला! बाहेर येतो त हा इथं मेजापाशी, हातात रायफल. मफ खुंटीवर तसेच. नवराबायकोचं काय असते कोणाला मालूम?"

"तुम्ही आत होता. दार?"

"बंद होतं."

"आणि कान कधीपासून बधिर झालाय?"

अंकुरचा हात कानाकडे गेला.

"तीनशे पंधरा बोअरची रायफल," पटले म्हणाल्या. "वर पत्रा. उघड्या कानानं ती झाडली तर दिवसभर शिट्टी वाजत राहते. झाडणाऱ्याच्या कानावर मफ नव्हते, हे तुम्हीच सांगितलं. सेवकरामांना माझी कुजबुज ऐकू येते. बंद दाराआड असलेल्या तुम्हाला नाही. डॉक्टर कान तपासतीलच."

"पण मी कायले मारू तिला?"

"मारायचं नव्हतं. तुम्ही विचारलं, बंदूक खाली? तुम्हाला म्हणायचं होतं, रिकामी आहे का. सिहोऱ्याच्या माणसानं ऐकलं, मेजावर ठेवली का. तो खरं तेच बोलला. तुमचं काम होतं खटका उघडून नळी पाहण्याचं. ते केलं नाही. बाई हसली, ते मनाला लागलं होतं. दोघं पाठमोरे होते. तुम्ही स्वतःचाच नियम मोडून रायफल उचलली, नेम धरला, चाप ओढला."

"मला वाटलं रिकामी आहे!" अंकुर ओरडला. मग खुर्चीत बसला. "बाजूच्या बोर्डावर धरला होता नेम. ती मधातच आली."

"आणि म्हणून त्याला खुनी ठरवलं."

"तो आपणहून म्हणत होता, मीच मारलो. मी फक्त..."

पटलेंनी शिपायाला खूण केली.

डिंपल आली तेव्हा जीप अंकुरला घेऊन गेली होती. पटलेंनी तिला सगळं सांगितलं. सोपं करून, दोनदा सांगितलं. "तुझ्या बाबांनी गोळी झाडली नाही. त्यांना कोणी अटक करणार नाही."

डिंपलनं मान हलवली. मग ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, बंदुकीत गोळी कोणं भरली होती?"

"पोरी..."

"सांगा ना."

"मीच," सेवकराम म्हणाले.

"नळी पाहण्याचं काम अंकुरचं होतं," पटले म्हणाल्या.

"आईले कुठं ठेवलं?" डिंपलनं पटलेंना विचारलं.

"सरकारी दवाखान्यात."

"मी बी येतो," सेवकराम उठत म्हणाले.

"तुमी राहू द्या," डिंपल म्हणाली आणि एकटीच महामार्गाकडे चालू लागली.